गुढीपाडव्याची स्वागतयात्रा कशी आखावी: जानेवारीतल्या पहिल्या बैठकीपासून गुढी उतरेपर्यंत

स्वागतयात्रा कुठे बिघडते, तर ती थांबते तिथे. पुढच्या चौकात ढोलपथक रंगलेलं असतं, मागे टेम्पोच्या हौद्यावर शिवाजी महाराज झालेला सहा वर्षांचा मुलगा जिरेटोपाखाली घामाने भिजलेला असतो, त्याच्या मागे पालिकेची बस अडकलेली असते, आणि घरी श्रीखंड-पुरीचा बेत ठेवून आलेल्या बायका गल्लीबोळांतून हळूच पांगायला लागतात. डोंबिवलीत १९९९ साली श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने अशी यात्रा निघाली आणि पुढे ठाणे, गिरगाव करत ही प्रथा गावोगावी पोचली. सकाळी नटूनथटून सगळ्यांनी एकत्र चालायचं, हा तिचा गाभा. चित्ररथ, ढोल, रांगोळ्या हे सगळं त्या चालण्यासाठी आहे. म्हणून पुढचा प्रत्येक निर्णय एकाच कसोटीवर घासून पाहावा: याने यात्रा चालती राहील का?

तारीख आणि भोवतालची गर्दी

चैत्र शुद्ध प्रतिपदा मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कुठेही येते. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला होता, २०२६ मध्ये १९ मार्चला, आणि २०२७ मध्ये तो ७ एप्रिलला आहे. या तीन आठवड्यांच्या फरकाने उन्हाचा कडाका बदलतो, परीक्षांचं वेळापत्रक बदलतं आणि पोलिसांवरचा ताणही बदलतो. २०२५ मध्ये पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी रमजान ईद होती. अशा वर्षी बंदोबस्ताचं मनुष्यबळ वाटलं जातं, त्यामुळे अर्ज लवकर द्यावा आणि मार्ग आखडता ठेवावा. निवडणुका जवळ असतील तर आचारसंहिता लागू असण्याची शक्यता गृहीत धरा. मग फलक, कमानी आणि व्यासपीठावरची नावं या सगळ्यांना वेगळे नियम लागतात, आणि छापून तयार असलेले फलक वाया जातात. सगळ्यात सोपं म्हणजे फलकांवर कोणाचाच फोटो न छापणं. आचारसंहिता नसली तरी हे आम्ही आग्रहाने सांगू.

पहिली बैठक पाडव्याच्या अडीच-तीन महिने आधी, जानेवारीत घ्या. सगळी मंडळं, शाळा, भजनी मंडळं, सायकलवाले, योगवर्गवाले यांना बोलवा, पण कामं वाटण्याआधी दोन माणसं नक्की करा: एक अग्रभागप्रमुख आणि एक पिछाडीप्रमुख. पाडव्याच्या सकाळी यात्रेचा वेग ठरवण्याचा अधिकार फक्त या दोघांना. अध्यक्षांनाही नाही. हे लेखी ठरवून सगळ्यांना वाचून दाखवा, कारण ऐनवेळी प्रत्येक मंडळाचा एक हितचिंतक "जरा थांबा, आमची मुलं नाचतायत" म्हणत पुढे येतोच.

मार्ग: आधी पायांनी, मग कागदावर

ज्या वेळी यात्रा निघणार त्याच वेळी, म्हणजे एखाद्या रविवारी सकाळी साडेसहाला, चार जणांनी मार्ग चालून यावा. सोबत मोजपट्टी, खडू आणि वही. चार गोष्टी टिपायच्या. रस्त्यावरून आडव्या गेलेल्या प्रत्येक तारेची उंची, म्हणजे केबल, इंटरनेट, वीज सगळ्यांची. सगळ्यात अरुंद जागेची रुंदी, तीही गाड्या उभ्या असताना. वळणावर लांब हौद्याचा टेम्पो एका दमात वळतो का. आणि रुग्णालयं, शाळा, न्यायालय कुठे आहेत. यांच्याभोवतीचं १०० मीटरपर्यंतचं शांतता क्षेत्र नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवा. त्या पट्ट्यात वादन पूर्ण बंद. दोन्ही टोकांना स्वयंसेवक उभा करून हात वर करण्याची खूण ठरवून ठेवा, कारण फलक कोणी वाचत नाही.

विजेच्या तारेला काठी लावून उंची मोजू नका. वीज वितरण कंपनीच्या स्थानिक कार्यालयाला मार्गाचा नकाशा द्या आणि लोंबणाऱ्या तारांची यादी जोडा. केबलवाले दोन दिवसांत तारा वर ओढून देतात, फक्त त्यांना आठवडाभर आधी सांगावं लागतं.

आता यात्रेची लांबी काढा. बहुतेक समित्या हे गणित करतच नाहीत. समजा २० चित्ररथ आहेत. एक टेम्पो ७ मीटर, पुढचं सुरक्षित अंतर ८ मीटर, म्हणजे १५ मीटर गुणिले २०, झाले ३०० मीटर. चार ढोलपथकं, पुढची मोकळी जागा धरून प्रत्येकी ३० मीटर, म्हणजे १२०. पायी चालणारे १,२०० जण, चारच्या रांगेत ३०० ओळी, ओळीला सव्वा मीटरच्या आत जागा, म्हणजे साधारण ३६०. लेझीम आणि भजनी मंडळं यांना १००. सगळं मिळून जवळजवळ ९०० मीटर. लहान मुलं आणि आजी-आजोबा धरून यात्रा ताशी २ किलोमीटर चालते, म्हणजे मिनिटाला ३३ मीटर. एक चौक पूर्ण ओलांडायला तिला २७ मिनिटं लागतात. वाहतूक पोलीस हाच आकडा विचारतात, आणि तो हातात असला की परवानगीची बोलणी अर्ध्या वेळात होतात. अडीच किलोमीटरचा मार्ग असेल तर तोंड ७५ मिनिटांत पोचेल आणि शेपूट १०२ मिनिटांत.

यात थांबे धरलेले नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे. पाच चौकांत प्रत्येक पथकाला पाच मिनिटं वाजवायची आहेत असं धरू. चारही पथकं आपापल्या वेळी चौकात पोचून थांबली, तर प्रत्येक थांबा मागच्या सगळ्यांना थांबवतो. शेवटच्या माणसाच्या वाट्याला चार गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे १०० मिनिटांपर्यंतचं ताटकळणं येतं. हेच थांबे सगळ्यांनी एकाच वेळी घेतले, अग्रभागप्रमुखाची शिट्टी झाली की पूर्ण यात्रा जिथे आहे तिथे पाच मिनिटं थांबली आणि पथकांनी तिथल्या तिथे वाजवलं, तर एकूण थांबा फक्त २५ मिनिटांचा होतो. साडेसहाला निघालेल्या यात्रेचं शेपूट पहिल्या पद्धतीने दहा वाजायच्या सुमाराला पोचतं आणि दुसऱ्या पद्धतीने पावणेनऊच्या आत. पथकांना चौकच हवा असतो, हे खरं आहे. त्यांच्यासाठी रस्त्याकडेचं मैदान, पेट्रोलपंपासमोरची मोकळी जागा असा खिसा शोधा. पथक तिथे वळून मनसोक्त वाजवेल, यात्रा शेजारून पुढे जाईल आणि पथक पिछाडीला येऊन मिळेल.

परवानग्या

अर्ज सहा आठवडे आधी द्या. स्थानिक पोलीस ठाणे मिरवणूक आणि वादनासाठी, वाहतूक शाखा मार्गासाठी, पालिकेचं प्रभाग कार्यालय कमानी, मंडप आणि फलकांसाठी, अग्निशमन दलाला माहितीचं पत्र. प्रत्येक अर्जासोबत नकाशा, वेळेचं कोष्टक, वाहनांचे क्रमांक आणि जबाबदार पाच जणांचे मोबाईल क्रमांक. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी, आणि पावतीपुस्तकं क्रमांक टाकून, कोणाकडे कोणतं दिलं याची नोंद ठेवून वाटावीत.

ध्वनिवर्धक आणि वाद्यांना रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते. त्यामुळे पहाटे साडेपाचला "जरा लय जमवून घेतो" म्हणणाऱ्या पथकाला आधीच स्पष्ट सांगा. जमण्याची वेळ सहा, पहिला ठोका सव्वासहानंतर.

कोण कुठे चालणार

पालखी आणि मानाची गुढी सर्वांत पुढे. त्यामागे ध्वज, मग मुलांचं लेझीम, मग भजनी मंडळं, पायी चालणारे नागरिक आणि त्यांच्यामध्ये पेरलेले चित्ररथ. लेझीम पुढे ठेवण्याचं कारण असं की त्यांची पावलं ठरलेली असतात, त्यामुळे यात्रेला आपोआप एक चाल मिळते. पालखीला खांद्यांचे दोन संच ठेवा आणि दर २०० मीटरला बदला. भोई दमले की ते पळायला लागतात, कारण जड वस्तू पळवत नेणं सोपं वाटतं, आणि मागे मोठी पोकळी पडते. पोकळी ५० मीटरच्या वर गेली की पुढच्यांनी थांबायचं. मागच्यांनी कधीच धावायचं नाही.

दोन ढोलपथकांत किमान १५० मीटर अंतर हवं. त्याहून जवळ आली की दोन्ही ताल एकमेकांत मिसळून नुसता गलका होतो. पथकाच्या आतही लांबीला मर्यादा आहे. आवाजाला ३५ मीटर जायला दहावा भाग सेकंद लागतो. पुढच्या तोंडाला ताशा असेल आणि शेवटचा ढोल ३५ मीटर मागे असेल, तर त्याचा ठोका तेवढाच उशिरा पडतो आणि लय फाटल्यासारखी वाटते. म्हणून ताशे मधोमध, ढोल दोन्ही बाजूंना, आणि पथकाची लांबी शक्यतो २५ मीटरच्या आत. पाडव्याला पथकं एकाच सकाळी दोन-तीन ठिकाणी बोलावलेली असतात. हजर राहण्याची वेळ, सुटण्याची वेळ आणि मानधन एका कागदावर लिहून सही घ्या.

नऊवारी आणि फेट्यातली दुचाकी फेरी सगळ्यांना आवडते, आणि सगळ्यात जास्त त्रासही तीच देते. चालण्याच्या वेगाने बाईक चालवली की क्लच तापतो, गाडी बंद पडते, तोल जातो. ही फेरी यात्रेच्या वीस मिनिटं आधी, ताशी १५ ते २० किलोमीटर वेगाने स्वतंत्र सोडा. मग ती यात्रेची वर्दीही देते. हेल्मेट सक्तीचं आहे, फेटा त्याची जागा घेऊ शकत नाही. फेटे गाडीवरून उतरल्यावर बांधा. नऊवारीचा पदर कमरेला घट्ट खोचून पिनने अडकवावा. मागे बसणारीचा लोंबता पदर चाकात जातो आणि साडीसह माणूस खाली ओढला जातो. निघण्यापूर्वी एका बाईने प्रत्येक गाडीमागे उभं राहून फक्त पदर तपासावेत. सहावारीवाल्यांच्या गाडीला साडीगार्ड आहे का, हेही तिनेच पाहावं.

चित्ररथ

नेहमी मिळणाऱ्या टेम्पोचा हौदा साधारण १४ फूट बाय ६ फूट असतो. त्यावर आठ ते दहा मुलं पुरे. पंधरा मुलं चढवली की मधली बसतात, कडेची लटकतात. गाडी ठरवताना विमा, पीयूसी, फिटनेस आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती घ्या. जमिनीपासून सजावटीच्या टोकापर्यंतची उंची मार्गावरच्या सगळ्यात खालच्या तारेपेक्षा किमान अर्धा मीटर कमी हवी, आणि विजेची तार असेल तर त्याहून बरीच कमी. हे मोजताना हौद्यावर उभ्या मुलाच्या हातातला भाला किंवा झेंडाही धरा.

सांगाडा बांबू किंवा लाकडी पट्ट्यांचा, त्यावर कापड, पुठ्ठा, कागदाचा लगदा. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि खरं सांगायचं तर पुठ्ठ्यावर रंगवलेला गड उन्हात थर्माकोलपेक्षा कितीतरी जिवंत दिसतो. सगळे सांधे सुतळीने बांधा. नुसते खिळे गाडीच्या हादऱ्याने सैल होतात. फाळके, म्हणजे हौद्याच्या कडेच्या फळ्या, लावलेलेच ठेवा आणि त्यांच्या वर तीन फुटांपर्यंत आडवी बल्ली बांधा, म्हणजे मुलांना धरायला काहीतरी मिळेल.

मुलं पडतात ती गाडी निघताना. चालक क्लच सोडतो, गाडी हिसका घेते आणि उभं मूल मागे कोसळतं. चालकाला आदल्या दिवशी रिकामी गाडी पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलेटर न दाबता चालवून दाखवायला सांगा. शिट्टीशिवाय गाडी हलणार नाही हा नियम ठेवा: एक शिट्टी थांबा, दोन शिट्ट्या निघा, आणि दोन शिट्ट्यांनंतर पाच आकडे मोजून मगच चाक फिरेल. चारही चाकांपाशी एक-एक स्वयंसेवक शेवटपर्यंत चालला पाहिजे. गोळ्या, फुलं उचलायला मुलं वाकतात ती नेमकी मागच्या चाकाजवळ, म्हणून चित्ररथावरून काहीही उधळू नका. काच आणि आरसे सजावटीने झाकू नका. जनित्र ठेवायचं असेल तर ते हौद्याच्या मागच्या टोकाला, धूर बाहेरच्या दिशेला, मुलांपासून आडोशाने वेगळं, आणि शेजारी अग्निशामक नळकांडं. सकाळच्या यात्रेला दिवे लागत नाहीत. जनित्र फक्त ध्वनिवर्धकासाठी आणत असाल तर बॅटरीवर चालणारा लहान संच घ्या, सगळ्यांचे कान आणि डोकी शांत राहतात.

चित्ररथ प्रेक्षकासमोरून अर्ध्या मिनिटात निघून जातो. तेवढ्यात कळेल इतकंच सांगा: एक प्रसंग, एक वाक्य. फलकावर दहा-बारा शब्दांपेक्षा जास्त नकोत. तीस फुटांवरून वाचायला अक्षर किमान तीन इंच उंच हवं. फलक दोन्ही बाजूंना लावा. तो एकाच बाजूला लावलेला असेल तर अर्धा रस्ता विषय ओळखण्यातच जातो.

गुढी

चौकातली मोठी गुढी १८ ते २० फुटांची, बुडाशी अडीच-तीन इंच जाडीचा पूर्ण वाळलेला वेळू. ओला बांबू जड असतो, वाकतो, आणि तारेला लागला तर वीज वाहून नेतो. रस्ता खोदू नका. लोखंडी बैठक आणि तिच्यावर २५ किलोच्या वाळूच्या सहा गोण्या पुरतात. दोनतृतीयांश उंचीवर तीन दिशांना तीन दोर ताणून बांधा आणि दोरांना भगवी-पिवळी फडकी लावा, नाहीतर लोक अडखळतात.

बांधणी जमिनीवर आडवी ठेवूनच करायची. आधी रेशमी वस्त्राच्या निऱ्या घट्ट आवळायच्या, मग कडुलिंबाची डहाळी, आंब्याची पानं, झेंडूचा हार, आणि साखरेची गाठी सगळ्यात शेवटी, कारण दमट हवेत ती चिकट होते आणि वस्त्राला डाग पाडते. मग काठीच्या टोकाला सुती कापडाचे वेढे द्या आणि तांब्या त्यावर उपडा दाबून बसवा. हाताने फिरवला तरी तो फिरला नाही पाहिजे. सैल बसलेला तांब्या वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी खडखडतो आणि दुपारपर्यंत कोणाच्या तरी डोक्यावर येतो.

कडुलिंबाचा प्रसाद ५०० जणांना चमचाभर द्यायचा तर अडीच किलो लागतो. अर्धा किलो हरभऱ्याची डाळ रात्रभर भिजवली की किलोभर होते. त्यात किलोभर गूळ, ३०० ग्रॅम कोवळी पानं आणि फुलोरा, चिंचेचा कोळ, जिरं, ओवा, हिंग, मीठ. पहाटे पाचला जाडसर वाटा. आदल्या रात्री वाटून ठेवला तर भिजलेली डाळ उकाड्याने आंबते, आणि मग लोक कडू समजून टाकतात तो खरं तर नासलेला असतो.

रांगोळी

१० फूट बाय १० फुटांचा गालिचा भरायचा तर एक मिलिमीटर जाडीच्या थराला साधारण सव्वानऊ लिटर, म्हणजे १३ ते १५ किलो रंगीत रांगोळी लागते. पांढरी रेघेसाठी वेगळी दोन किलो. संध्याकाळी रस्ता झाडून धुवा आणि पूर्ण वाळू द्या, कारण ओलसर डांबरावर रंग काळवंडतो. सुतळी आणि खडूने वर्तुळं आखा, चाळणीने रंग भरा, आणि पाच बोटांनी पांढऱ्या रेघा अगदी शेवटी ओढा. ही रांगोळी रस्त्याच्या एका बाजूला काढा, चार मीटर वाट मोकळी सोडून. पूर्ण रस्ताभर काढलेली रांगोळी दुचाकींसाठी वाळूइतकीच घसरडी असते, आणि रात्रभर राबलेल्या मुलींच्या डोळ्यांदेखत पहिलं चाक तिच्यावरून जातं. रात्री अडथळे उभे करून दोन माणसं जागी ठेवा.

पाणी, ऊन, माणसं

१,००० माणसं, तीन तास, माणशी तासाला अर्धा लिटर: १,५०० लिटर, म्हणजे २० लिटरचे ७५ जार. दर ५०० मीटरला एक पाणपोई, आणि ती रस्त्याच्या सावलीच्या बाजूला. प्लॅस्टिकचे पेले नकोत. स्टीलचे पेले आणि ते विसळायला वेगळी बादली ठेवा, शिवाय प्रत्येकाला बाटली आणायला सांगा. चित्ररथावरच्या मुलांना पाणी मागता येत नाही, कारण ती भूमिकेत असतात. दर पाच मुलांमागे एक मोठं माणूस हौद्यावर हवं, आणि दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी हे त्याचं काम. मिशी ओली होईल म्हणून आई-बाबा पाणी टाळतात. मिशी परत रंगवता येते. मूल फिकट दिसलं, गप्प झालं, कपाळ थंड आणि ओलं लागलं की लगेच उतरवा, सावलीत आडवं करा, पोशाख सैल करा, शुद्धीत असेल तर ओआरएस द्या. शुद्ध हरपली तर तोंडात काही न घालता १०८ ला फोन. रुग्णवाहिकेला यात्रेच्या मागे ठेवू नका. ती मध्यावरच्या आडरस्त्याला, तोंड बाहेरच्या दिशेला करून उभी असावी.

यात्रा पोचल्यावर

सांगतेच्या ठिकाणी भाषणं दहा मिनिटांच्या वर नेऊ नका. घरोघरी नैवेद्य खोळंबलेला असतो. पिछाडीप्रमुखाच्या मागे सफाईची तुकडी चालत यावी: फुलं आणि डहाळ्या एका गोणीत निर्माल्य म्हणून, कागद-पुठ्ठा दुसऱ्या गोणीत. रांगोळी कोरड्या झाडूने गोळा करा. पाणी मारलं तर रंग गटारात जातो आणि रस्ता घसरडा होतो. पथकांचं मानधन आणि टेम्पोचं भाडं त्याच दुपारी चुकतं करा, पुढच्या वर्षी तीच माणसं पहिल्या फोनला हो म्हणतात.

एक काम मात्र बहुतेक समित्या वाटायला विसरतात. चौकातली गुढी सूर्यास्ताच्या वेळी हळद-कुंकू वाहून, फुलं-अक्षता टाकून उतरवायची असते, आणि तोवर दिवसभर दमलेले सगळे घरी झोपलेले असतात. चार जणांची नावं जानेवारीतल्या बैठकीतच लिहून ठेवा, आणि ती सकाळच्या कामांतून वगळा. दोघांनी दोर सैल सोडायचे, एकाने बूड पायाने दाबून धरायचं, चौथ्याने येणारी काठी हातात झेलायची. तांब्या काढून पुसून ज्याचा त्याला, गाठी शेजारच्या मुलांना.